ताडनाची दहा वर्षे

मुलाचे पहिली पाच वर्षे लाड करावेत, पुढील दहा वर्षे त्यास ताडन करावे आणि सोळावे लागले म्हणजे त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, अशा अर्थाचे एक जुने सुभाषित आहे. वाईसारख्या शास्त्रीपंडितांच्या गावी ते ठाऊक नाही असे घर विरळा. त्याचा पहिला व शेवटचा भाग आम्हांस मान्य आहे. मधला मात्र साफ अमान्य. वचन जुने म्हणून खरे मानू नये, ते बुद्धीच्या कसोटीस लावावे, हे या जिल्ह्यातील टेंभूस जन्मलेल्या आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून आम्हांस शिकविले आहे.

प्रथम लाडांविषयी. मूल रडू लागताच त्याच्या हाती मोबाईल देणे हा लाड नव्हे; ती आईबापांची सोय होय. दोन वर्षांच्या आतील मुलास पडद्यासमोर बसवूच नये व दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तासाहून अधिक बसवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिला. मुलाच्या हातास काम हवे असते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस जे बालशिक्षण सुरू केले, त्याचे मर्म हेच. शेंगा सोलणे, वाटीने डाळ मोजणे, आपले ताट उचलणे, ह्यांत तीन वर्षांचे मूल रमून जाते. थोडे सांडेल, वेळ लागेल; तो सोसणे हाच खरा लाड.

आता ताडनाची दहा वर्षे. माराने मूल ऐकते, असे कित्येक बाप म्हणतात. ऐकते खरे, परंतु वडिलांची पाठ फिरेपर्यंतच. मार खाणारे मूल चूक टाळावयास शिकत नाही, चूक लपवावयास शिकते. धाकाखालचा कारकून हिशेब सुधारीत नाही, वही दडवितो, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास बंदी केली. जी छडी गुरुजींच्या हातून सुटली, ती बापाच्या हाती का राहावी?

मग शिस्त कशी लागावी? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व आपली कामे आपण करीत. ज्यावर काम सोपविले जाते, त्यास जबाबदारी आपोआप कळते. घरी नियम थोडे असावेत, परंतु आईचा एक व बापाचा दुसरा असे नसावे. तेल सांडले तर मुलाने पुसावे. धाकट्याची वही फाडली तर आपली कोरी वही द्यावी. आणि जेवताना मुलास मोबाईल वर्ज्य असेल, तर बापानेही आपला कपाटावर ठेवावा.

सोळाव्या वर्षीची मैत्री काही मुहूर्त पाहून सुरू होत नाही. बाजारात पत वर्षानुवर्षांच्या चोख व्यवहाराने मिळते. मुलापाशी बापाची पतही त्याच मधल्या दहा वर्षांत बनते किंवा बुडते. दहाव्या वर्षी खरे बोलून ज्याने मार खाल्ला, तो सोळाव्या वर्षी परीक्षेतील अपयश, वाईट संगत वा मनातील निराशा बापास कशी सांगणार? आणि त्या वयात न सांगितलेली गोष्ट कधी कधी प्राणांवर बेतते.

सुभाषितात उल्लेख पुत्राचा आहे, कन्येचा नाही. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदा वर्षे ठरविली. १९७८ साली ती अठरावर गेली. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीचे स्थान आज बोहल्यावर नसून विद्यालयात आहे. काय शिकावे, कोणता व्यवसाय धरावा, ह्याविषयी तिचेही मत भावाइतक्याच आदराने विचारले पाहिजे.

कृष्णेच्या पाण्यात मुलास पोहावयास शिकविताना आपण प्रथम त्याच्या पोटाखाली हात धरतो, मग तो हळूहळू सैल करतो आणि शेवटी काठावरून नजर ठेवतो. हातपाय चुकीचे मारले म्हणून त्यास कोणी तेथे बुडवीत नाही. हीच रीत घराच्या उंबऱ्याच्या आतही चालावी, एवढीच आमची वाईकर गृहस्थांस विनंती आहे.