निवाऱ्याची किल्ली कोणाकडे?

चक्रीवादळापासून माणसे वाचवायची तर सरकारने भक्कम इमारती बांधाव्यात, एवढ्यावर आपली चर्चा थांबते. आम्हांस ती अपुरी वाटते. त्या इमारतीपर्यंत कोण पोहोचेल आणि वाटेत कोण अडविले जाईल, हा प्रश्न नियोजनात आधी यावयास हवा.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे उदाहरण बोलके आहे. २९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कतरिना’ वादळ तेथे धडकले. संकट अनपेक्षित नव्हते. आदल्याच वर्षी ‘पॅम’ नावाचे काल्पनिक वादळ योजून अधिकाऱ्यांनी सराव केला होता. शहर सोडण्याचा आदेश निघाला व मोटारी असलेले निघून गेले. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांकडे मोटारच नव्हती. मागे राहिलेल्यांत बहुसंख्य गरीब कृष्णवर्णीय होते. त्यांच्यासाठी ‘सुपरडोम’ हे क्रीडागृह अखेरचा आसरा म्हणून उघडले गेले. त्याच्या छपराचे आवरण फाटले, वीज गेली, शौचालये तुंबली. कन्व्हेन्शन सेंटरमध्येही हजारो जमले. पण तो निवारा म्हणून कागदावर नव्हताच, म्हणून तेथे अन्नपाणीही नव्हते. १ सप्टेंबरला मिसिसिपीवरील पुलावरून पायी निघालेल्या लोकांना पलीकडच्या ग्रेटना शहराच्या सशस्त्र पोलिसांनी परत लोटले.

पुढल्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आपत्तीच्या आराखड्यांत पाळीव प्राण्यांची सोय आवश्यक ठरविली. प्राणिमात्रांविषयीची करुणा आम्हां बौद्धांना परकी नाही. तरीही जनावरांना मोकळे आणि आपल्या माणसांना बंद असलेले चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही.

या दोन समाजांच्या स्थितीतील साम्य बाबासाहेबांनी केव्हाच हेरले होते. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी १९४६ मध्ये डॉ. डु बॉइस यांच्याकडे पत्राने मागितली होती.

आपला आपत्ती व्यवस्थापन कायदाही २००५ चाच. मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास त्याच्या ६१ व्या कलमाने मनाई केली आहे. कलम उत्तम आहे. मात्र निवारा गावठाणात असावा की वस्तीलगत, आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी, याविषयी ते बोलत नाही. ज्या रायगड जिल्ह्यात महाड आहे, तेथेच जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ येऊन गेले. कोकणात अशा केंद्राची जागा ठरत असेल तेव्हा ग्रामसभेस आपल्या वस्तीने हजर राहावे. अंतर पायी चालून मोजावे. अंथरुणाला खिळलेल्यांना रात्री कोण उचलून नेणार, हे विचारावे. अभियंता, तलाठी, ग्रामसेवक झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी तर किल्ली सांभाळणाऱ्यांत वस्तीतील एकाचे नाव लेखी नोंदवून घ्यावे, आणि ती नोंद पावसाळ्यापूर्वी व्हावी.