झाडे लावण्याची सक्ती, जगवण्याचे काय?

लहान शहरांत नव्या इमारतींभोवती हिरवळ राखण्याची सक्ती कागदोपत्री भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती अनेकदा भोगवटा प्रमाणपत्र हाती पडेपर्यंतच टिकते. पाहणीच्या दिवशी रोपे मोजली जातात. दोन उन्हाळ्यांनंतर त्यांतील किती उरली, हे पाहण्यास कोणीही फिरकत नाही.

मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यातील महापालिका व नगरपालिकांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे वा त्याहून मोठी जमीन विकसित करताना १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावी लागते. मोठ्या गृहसंकुलांना ही अट लागू होते. सातारा वा उदगीरसारख्या शहरांत मात्र पाच-दहा गुंठ्यांवरील इमारती सर्रास दिसतात. मूळ रेखांकनात खुली जागा सुटलेली नसेल, तर दहा गुंठ्यांच्या दहा भूखंडांवर, म्हणजे अडीच एकरांवर, इमारती उभ्या राहूनही सामाईक बागेसाठी वीतभर जमीन उरत नाही.

केंद्राची चाळणीही येथे उपयोगी पडत नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर वा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी आवश्यक असते. लहान शहरांतील बहुतांश इमारती या मर्यादेच्या बऱ्याच खाली राहतात. परिणामी सारी भिस्त नगरपालिकेवर येते.

उरते ती इमारतीभोवतीची सामासिक जागा. तेथेच वाहनतळ, पाण्याची टाकी, कूपनलिका आणि सांडपाण्याच्या वाहिन्या असतात. त्यावर कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, की मुळांना ना माती मिळते ना पाणी. पोडियमवरील मातीच्या पातळ थरात हिरवळ वाढते, पण वड वा कडुनिंब तेथे उभा राहू शकत नाही. पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर येते आणि एप्रिल-मेमध्ये त्याच सोसायटीला टँकर मागवावा लागतो. अशा वेळी रोपांना पाणी घालण्याचा आग्रह कोण धरणार?

विकासक तोवर पुढच्या प्रकल्पाकडे वळलेला असतो. २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोषांची जबाबदारी त्याच्यावर पाच वर्षे टाकली. वाळलेले झाड मात्र अशा दोषांत मोडत नाही.

वृक्षतोडीबाबत राज्याने याहून पुढचा विचार केला आहे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावणे आणि ती सात वर्षे जगवणे बंधनकारक केले. तोच न्याय नव्या बांधकामांनाही लावता येईल. परवानगीवेळी अनामत रक्कम घ्यावी आणि तीन पावसाळ्यांनंतर झाडे मोजूनच ती परत करावी. प्रत्येक झाडाभोवतीची माती उघडी ठेवण्याची अट नकाशातच असावी. करंज, बहावा, ताम्हण अशा स्थानिक वृक्षांना प्राधान्य मिळावे.

यामुळे घरे महागतील, असा आक्षेप विकासक घेऊ शकतात. अनामत परत मिळणारी असल्याने त्यात फारसे तथ्य नाही. अपुऱ्या कर्मचाऱ्यांची नगरपालिकांची अडचण मात्र खरी आहे. तरीही तीन वर्षांतून एक फेरपाहणी त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. लावलेल्या रोपाऐवजी जगलेले झाड मोजण्याची पद्धत पडली, तरच या सक्तीला अर्थ उरेल.