फॉरमॅट झालं म्हणजे सगळं गेलं असं नाही



विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून अनेक शाळांत एकच विषय चालू आहे, "सर, आपल्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज टाकून घेऊया का?" टाकणारा कधी ओळखीचा दुकानदार असतो, कधी आपल्यातलेच एखादे तंत्रस्नेही सर, तर कधी सुट्टीत गावी आलेला माजी विद्यार्थी. बऱ्याचदा काम नीट होतं. पण कधीकधी इन्स्टॉलेशन मध्येच अडकतं, मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतं, जुनं विंडोज उघडत नाही आणि नवं बसत नाही. मग ऑफिसात एकच वाक्य ऐकू येतं, "गेला सगळा डेटा!"

माझं मत जरा वेगळं आहे. फसलेल्या इन्स्टॉलेशनमुळे डेटा जातो त्यापेक्षा जास्त तो त्यानंतर केलेल्या घाईमुळे जातो. हे कसं, ते समजून घेऊया.

हार्ड डिस्क म्हणजे एक जाड पुस्तक समजा. पुढे अनुक्रमणिका आहे, मागे धडे आहेत. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा धडा फाडला जात नाही. फक्त अनुक्रमणिकेत "ही पानं आता मोकळी आहेत" अशी खूण होते. क्विक फॉरमॅटमध्ये जुन्या अनुक्रमणिकेच्या जागी नवी कोरी येते. धडे मात्र तिथेच असतात. ते खरे जातात कधी? त्याच पानांवर कुणी नवीन काही लिहिलं की. फुल फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट संपूर्ण विभागावर शून्यं लिहितो. त्यानंतर परत मिळायला काही उरत नाही.

आता जुन्या मशीनवर नेहमी घडणारा एक प्रकार बघा. पेनड्राइव्ह लावला, डिस्क निवडली आणि स्क्रीनवर संदेश आला की या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही, कारण तिच्यावर एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल आहे. म्हणजे काय, तर डिस्कची विभागणी जुन्या पद्धतीची आहे आणि मशीन नव्या यूईएफआय पद्धतीने चालू झालंय, त्याला जीपीटी पद्धत हवी आहे. डिस्क खराब झालेली नसते! पण इंटरनेटवरचे कितीतरी व्हिडिओ इथे एकच उपाय सांगतात : काळी खिडकी उघडा आणि डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' ही आज्ञा द्या. ही आज्ञा फक्त सी ड्राइव्हपुरती चालत नाही. त्या डिस्कवरच्या सगळ्या विभागांची नोंद ती एका झटक्यात पुसते. "आपला डेटा तर डी ड्राइव्हला आहे" म्हणून निर्धास्त असलेल्या शाळेचा डी ड्राइव्हसुद्धा दिसेनासा होतो.

तरीही इथपर्यंत फार बिघडलेलं नसतं. 'क्लीन' ने नोंद गेली, मजकूर जागेवर आहे. ('क्लीन ऑल' दिलं तर मात्र पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली जातात.) खरी हानी पुढच्या पायरीला होते. "डेटा गेलाच आहे, तर निदान विंडोज तरी टाकून घेऊ" असं म्हणून पुन्हा इन्स्टॉलेशन सुरू केलं जातं. वीसेक जीबी नव्या फाइल जुन्या पानांवर लिहिल्या जातात. मग एखादं रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड होतं आणि सापडलेल्या फाइलसुद्धा त्याच डिस्कवर सेव्ह केल्या जातात. वाचवायला गेलो आणि आपणच पुसत बसलो, असा प्रकार!

म्हणून अशा वेळी करायचं काय? माझ्या मते क्रम असा असावा.

१. थांबा. मशीन बंद करा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा चालूच करू नका. तो यांत्रिक बिघाड आहे, तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. जाणकार तंत्रज्ञच हवा.

२. डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडा. साटा-टू-यूएसबी केबल मिळते, ती पुरते. जोडल्यावर "वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा" असा संदेश आला तर कॅन्सल करा. तो संदेश सल्ला वाटतो, पण आपल्यासाठी तो सापळा आहे.

३. आधी साध्या ठिकाणी बघा. विभाग फॉरमॅट न करता वरूनच विंडोज टाकलं गेलं असेल तर जुन्या फाइल 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सापडू शकतात. हे फोल्डर कायम राहत नाही, अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी आपोआप काढलं जातं. दिसलं की लगेच प्रत घ्या.

४. विभागच दिसत नसतील तर आधी पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या. प्रयोग त्या प्रतीवर करा. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर हरवलेले विभाग शोधून देतं. ते जमलं नाही तर त्याच्याच सोबत येणारं फोटोरेक वापरा. ते अनुक्रमणिकेशिवाय, फाइलचा प्रकार ओळखून फोटो, वर्ड, एक्सेल बाहेर काढतं. फाइलची मूळ नावं आणि फोल्डर मात्र बहुधा मिळत नाहीत. हजारो फाइल एकेक उघडून बघाव्या लागतात. वेळखाऊ आहे, पण काम होतं.

एक अडचण सांगायलाच हवी. मशीनमध्ये जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर हे गणित बदलतं. डिलीट किंवा फॉरमॅट झाल्यावर विंडोज एसएसडीला 'ट्रिम' चा संदेश देतं आणि एसएसडी ती पानं स्वतःच रिकामी करून टाकते. मग परत मिळण्याची आशा फार कमी. वेगासाठी आपण शाळेत एसएसडी बसवतोय, चांगलंच आहे. पण त्यामुळे आधीच प्रत घेऊन ठेवणं जास्तच गरजेचं झालंय.

काही जण म्हणतील, "सर, आता सगळं तर ऑनलाइन आहे. यूडायसची माहिती पोर्टलवर आहेच की." बरोबर आहे. पण पोर्टलवर काय आहे आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे, याची यादी एकदा करून बघा. जुन्या निकालाच्या एक्सेल शीट, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाचे फोटो, मुलांच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या कविता, आणि एखाद्या बाईंनी आठ-दहा वर्षं रात्री जागून तयार केलेल्या स्वाध्यायपत्रिका. यातलं काहीच पोर्टलवर नसतं. यूडायसची माहिती पुन्हा भरता येईल. बाईंची आठ वर्षं पुन्हा कुठून भरणार?

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. शाळेच्या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, बँक खाती, पालकांचे मोबाइल नंबर असतात. ही डिस्क आपण पिशवीत घालून तालुक्याच्या दुकानात देतो आणि म्हणतो, "बघा काही निघतंय का." निघालेल्या डेटाची प्रत दुकानात राहिली का, हे कुणी विचारतं का? शक्य असेल तर हे काम आपल्यासमोर करून घ्यावं. नाहीतर निदान प्रत पुसल्याचं लेखी घ्यावं. पालकांनी ही माहिती शाळेला दिलीय, दुकानाला नाही.

माझं म्हणणं एवढंच, की शाळेच्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकणं हे "बसल्या बसल्या" करायचं काम नाही. जनरल रजिस्टर आपण कुणाच्याही हातात देत नाही ना? मग हार्ड डिस्क का देतो? एक साधा नियम करूया : आधी प्रत, मग पेनड्राइव्ह. प्रत घेतली का, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली का, हे मुख्याध्यापकांनी पाहिल्याशिवाय इन्स्टॉलेशन सुरूच होऊ द्यायचं नाही. एक बाह्य हार्ड डिस्क शाळेच्या अनुदानातून घ्यावी, महिन्यातून एकदा जोडावी, प्रत घ्यावी आणि काढून कपाटात कुलूपबंद ठेवावी. जोडूनच ठेवली तर चुकीची डिस्क निवडली जाऊन तीही फॉरमॅट होऊ शकते.

आणि हो, पाचवी ते सातवीच्या मुलांना हे शिकवता येतं. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका झाकून एखादा धडा शोधायला सांगा. मुलं पानं चाळून शोधतातच! धडा तिथेच होता, फक्त पत्ता हरवला होता, हे त्यांना चटकन कळतं. मोठ्यांनाही कळेल, फक्त घाईत पुढचं बटण दाबायच्या आधी कळायला हवं.

तुमच्या शाळेची शेवटची प्रत कधी घेतली होती? उद्या शाळेत गेल्यावर एकदा बघा.