स्लाइड निगेटिव्ह, म्हणून ताप खोटा?

गवतकापणीवरून आलेली आमच्या शेजारच्या पाड्यातली दोन माणसं यंदा एकाच आठवड्यात तापाने पडली. एक बाई, एक तरणा गडी. बाई वाचली, गडी गेला. दोघांचा ताप एकच होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

गड्याला पाचव्या दिवशी दवाखान्यात नेलं. डोकं फुटेल असं दुखत होतं, डोळे लाल, छाती-पोटावर बारीक पुरळ. बोटातून रक्त घेतलं, स्लाइडमध्ये मलेरिया निघाला नाही. मग एक सुई, चार गोळ्या, ‘घरी जा, आराम करा’. आठव्या दिवशी हातपाय गार पडले, नाडी लागेना, लघवी बंद झाली. डॉक्टर याला शॉक म्हणतात. म्हंजे अंगात रक्त असतं पण दाब उतरतो, आणि मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. जीप मिळेपर्यंत संध्याकाळ झाली.

बाईला दुसऱ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईने आधी विचारलं, ‘काम काय करतेस? कुठल्या रानात गेली होतीस?’ मग पडदा ओढून सगळं अंग तपासलं. काखेत एक काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून बाईला पण ठाऊक नव्हती. त्या खपलीवरूनच आजार ओळखला. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू केल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला.

या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. गवतात, झुडपात, उंदीर फिरतात तिथे डोळ्याला दिसणार नाही असा बारीक किडा असतो. त्याचं पिल्लू चावलं की जंतू अंगात जातो. ताप यायला आठ-दहा दिवस, कधी तीन आठवडेही लागतात, म्हणून गवत आणि ताप यांचा मेळ माणसाला लागत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर हा जास्त. हा एकापासून दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा आजाऱ्याला वेगळं टाकू नका. आणि पेनिसिलीनची सुई यावर चालत नाही. कितीही टोचा.

ताप, पुरळ आणि गार अंग एवढ्यावरून एकच आजार ठरत नाही, हेही खरं. गोचिडीच्या तापात पुरळ हातापायांवर उठतं, तळहात-तळपायावर पण येतं. डेंग्यूत तर ताप उतरतो तेव्हाच धोका असतो. माणसं ‘बरं वाटलं’ म्हणून घरी नेतात आणि त्याच दिवशी शॉक बसतो. उंदराच्या मुतातून, चिखलाच्या पाण्यातून येणारा लेप्टो वेगळा. आणि जांभळे डाग उठले, दाबले तरी फिके होत नाहीत, मान आखडली, तर तो मेंदूज्वर असू शकतो. मग तासांचा हिशोब असतो, सकाळची वाट बघू नका.

म्हणून डॉक्टरने विचारायला हवं आणि अंग बघायला हवं. खपली काखेत, जांघेत, छातीखाली, कमरेच्या करगोट्याखाली लपलेली असते. आमच्या बायका पुरुष डॉक्टरपुढे लुगडं सोडणार नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नर्सबाईने तपासावं. भगताकडे गेले म्हणून आम्हाला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. पण भगत निदान हात धरून बसतो, नाडी बघतो. दवाखान्यात काहींनी तर टेबलापलीकडूनच औषध लिहिलं!

डॉक्सिसायक्लिन हे जुनं आणि स्वस्त औषध आहे. खपली दिसली किंवा दाट संशय आला तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरने ते सुरू करावं. उपकेंद्रात ते पावसाळ्याआधी यावं, ही आमची पहिली मागणी. दुसरी मागणी ठेकेदाराकडे आहे. गवताच्या हंगामात मजूर तापला तर गाडी त्याने द्यायची आणि आगाऊ रक्कम कापायची नाही.

आम्ही प्लॉट कसतो, गवत कापतो, रानातच निजतो. रान सोडा असं सांगणाऱ्यांना हा ताप आयतं निमित्त मिळेल, ‘बघा, जंगलात राहून मरतात’. मरण रानातून आलं नाही. औषध होतं, नीट तपासलं नाही.

ज्यांच्या घरी गवतकापणीनंतर ताप आला त्यांनी पाड्यातल्या कार्यकर्त्याकडे सांगावं: ताप कधी आला, पुरळ होतं का, खपली होती का, कुठला कागद मिळाला. कागद टाकू नका, चुलीत घालू नका. पुढच्या बाजारच्या दिवशी ते सगळे घेऊन आम्ही तालुक्याला जाणार आहोत. गेलेल्या गड्याची आई पण येते म्हणाली आहे.