निकाहला गवाह दोन, मग कॅमेरा एकच का?

पाच वर्षांपूर्वी लातूरला माझ्या थोरल्या भाचीचा निकाह झाला. त्यात मी गवाह होतो. जोहरची नमाज झाली, पुरुष मंडळी खालच्या मांडवात बसली, काझीसाहेबांनी रजिस्टर उघडलं. वकील म्हणून भाचीचे चुलते, आणि गवाह म्हणून मी व माझा चुलतभाऊ असे तिघे जिना चढून वर बायकांच्या हॉलमध्ये गेलो. भाची ओढणी कपाळापर्यंत ओढून बसली होती. वकिलांनी मुलाचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि मेहरची रक्कम सांगितली. कबूल आहे का, असं विचारलं.

अशा वेळी मुलगी सहसा गप्प राहते. मान थोडी हलते, शेजारची एखादी खाला ‘हाँ बोली, हाँ बोली’ म्हणते आणि पुरुष मागे फिरतात. आमच्या भाचीने मान वर केली आणि मला विचारलं, “मेहर नगद है की उधार, मामू?”

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. माझी आपा, म्हणजे तिची आई, लाजेने लाल झाली. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी खाली गेलो, मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, वर आलो आणि सांगितलं, निम्मी नगद, निम्मी नंतर. तसं निकाहनाम्यात लिहून घेतलं. मग तिने “कबूल है” असं स्पष्ट म्हटलं आणि सही केली. आमच्या खानदानात मेहरबद्दल स्वतः विचारणारी ती पहिली मुलगी.

या सगळ्याचा एकही फोटो नाही.

फोटोग्राफर होता. चांगला, अनुभवी माणूस होता. पण तो एकटा होता आणि त्या वेळी खाली मांडवात नवरदेवाच्या समोर उभा होता. त्याला आम्हीच तिथे उभं केलं होतं. वर बायकांमध्ये परका पुरुष नको, असं घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं. जेवणं उरकल्यावर त्याला दहा मिनिटं वर सोडलं. तो येतोय म्हटल्यावर बायकांनी नकाब ओढून घेतले. महिन्याभराने अल्बम आला. चाळीस पानांपैकी बायकांची पानं तीन. त्यातल्या एका फोटोत काळ्या बुरख्यांची रांग आहे. त्या रांगेतली माझी अम्मी कोणती, हे मी चपलांवरून ओळखलं.

अल्बम बघून भाची म्हणाली, “मामू, ये देखे तो ऐसा लगता, निकाह मर्दों का च हुआ.”

तिचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून हा लेख. माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडच्या लग्नात फोटोग्राफर बोलावणारच असाल तर दोन बोलावा, आणि त्यातला एक फोटोग्राफर बाई असू द्या. ही हौस नाही, गरज आहे. कारण आपलं लग्न एका जागी होतच नाही.

शेजारच्या हिंदू घरातलं लग्न आठवा. अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी, सगळं एका मांडवात. नवरा-नवरी समोरासमोर. एक हुशार फोटोग्राफर महत्त्वाचं बरंच काही टिपू शकतो. तरीही अलीकडे तिथे दोघे-तिघे कॅमेरेवाले असतात. आपल्याकडे मात्र निकाहचे दोन भाग दोन ठिकाणी होतात. मुलीची संमती वर, मुलाचा कबूल खाली. खुतबा खाली, ढोलक वर. मुसाफा आणि गळाभेट खाली, मुलीच्या मैत्रिणींची रडारड वर. एक माणूस दोन मजल्यांवर एकाच वेळी असू शकत नाही. मग कुठला मजला सोडायचा, हा प्रश्न येतो आणि दर वेळी वरचाच सुटतो.

वर जे घडतं ते कमी महत्त्वाचं असतं का? मुलीच्या संमतीशिवाय निकाह नाही, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. खन्सा बिन्ते खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, त्या पैगंबरसाहेबांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरला, ही हदीस आपण अभिमानाने सांगतो. इस्लामने बाईला हा हक्क तेव्हाच दिला, असं इतरांना सुनावतो. आणि आपल्या घरच्या लग्नात ती मुलगी हा हक्क वापरते त्या क्षणी आपला कॅमेरा मिठाईच्या ताटावर असतो. फोटोमुळे संमती खरी किंवा खोटी ठरत नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी आम्ही दोन गवाह आहोत. पण घरात कोणता क्षण जपून ठेवायचा, यावरून त्या घरात कशाला किंमत आहे ते पोरांना समजतं.

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा थोरलीने विषय काढला. दुसरी फोटोग्राफर, तीही बाई, हवीच. भाईजान, म्हणजे तिचे वडील, नाराज झाले. “एकाचे पैसे जड जातायत, दोन कशाला? फालतू खर्च.” त्यांचं चूक नव्हतं. मुलीच्या लग्नात बापाचा खिसा कसा रिकामा होतो, ते मी जवळून पाहिलंय. बराच वाद झाला. शेवटी स्टेजमागची फुलांची मोठी कमान रद्द केली. संध्याकाळी कचऱ्यात जाणाऱ्या फुलांवर जेवढे गेले असते, त्यापेक्षा कमी पैशांत ती मुलगी आली. दिवसभराचे आठ हजार तिने घेतले.

ती आल्याने काय फरक पडला, ते सांगतो.

पहिला फरक, बायका मोकळ्या राहिल्या. कॅमेरा बाईच्या हातात आहे म्हटल्यावर कुणी नकाब ओढला नाही. ढोलक सुरू होती ती थांबली नाही. माझ्या एका फुफूला जुनी दखनी गीतं अख्खीच्या अख्खी पाठ आहेत. समधिणीला चिडवणारं गीत गाताना तिचा हात हवेत आहे आणि मुलाकडच्या बायका तोंडावर पदर धरून हसतायत, असा फोटो आहे. आमच्या घरात फुफूचा हसतानाचा हा पहिलाच फोटो.

दुसरा फरक वेळेचा. आपल्याकडे स्टेजवर सलामीची रांग लागते. एकटा फोटोग्राफर दीड-दोन तास तिथेच अडकतो. तेवढ्या वेळात लग्न इतरत्र चाललेलं असतं. देगीजवळ घामाघूम झालेले बावर्ची, छुहाऱ्यांसाठी लोळण घेणारी पोरं, व्हीलचेअरवर कोपऱ्यात बसलेले दादा. दोघे असले की एक स्टेज सांभाळतो, दुसरी फिरते. दोघांच्या जेवणाची वेळही वेगळी ठेवता येते. नाहीतर फोटोग्राफर ताटावर बसतो आणि नेमकी तेव्हाच रुखसतीची घाई सुरू होते.

रुखसतीचं तर सांगायलाच नको. मुलगी गाडीत बसते तेव्हा एकच कॅमेरा असेल तर तो तिच्या चेहऱ्यावर असतो. बाप कुठे असतो? आमचे भाईजान गाडीच्या मागे, डिकीला हात लावून उभे होते. दिवसभर खर्चावरून कुरकुरणारा माणूस. तो फोटो त्या मुलीने काढला. त्यांनी तो अजून कुणाला दाखवलेला नाही, पण पाकिटात ठेवलाय.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. कार्ड खराब होतं, कॅमेरा हातातून पडतो, माणूस ऐनवेळी आजारी पडतो. लग्न दुसऱ्यांदा लावता येत नाही. दोन कॅमेरे असले तर सगळं एकदम जात नाही.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मला रोज ऐकायला मिळतात.

काही लोक फोटोच जायज मानत नाहीत. त्यांच्या मताचा मी आदर करतो. ज्यांच्या घरी लग्नात एकही कॅमेरा येत नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा प्रश्न इतरांना आहे. हजला जायचं तर पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टला फोटो लागतो, बाईचाही. तिथे आपण अडत नाही. लग्नात खाली मांडवात पाचशे पुरुषांचे फोटो निघतात, तिथेही अडत नाही. फक्त जिना चढताना शरीयत आठवते. परका पुरुष बायकांमध्ये नको, हा मुद्दा असेल तर तो रास्त आहे. त्यावर उपाय बाई फोटोग्राफर हा आहे, बायकांना अल्बममधून वगळणं हा नाही.

ही काही आजची नवलाई नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्या काळात राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास पर्दानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. साल १८९२. तो चालवायला एक इंग्रज बाई ठेवल्या होत्या. एवढ्या जुन्या काळात पडदा पाळणाऱ्या घरांना हा मार्ग सापडला होता. आपल्याला सव्वाशे वर्षांनंतर तो नवा वाटतो.

दुसरा आक्षेप इसराफचा, म्हणजे उधळपट्टीचा. यात मी पूर्ण सहमत आहे. मशिदीत पन्नास माणसांत साधा निकाह लावत असाल तर दुसऱ्या फोटोग्राफरची गरज नाही. कदाचित पहिल्याचीही नाही. कर्ज काढून तर अजिबात बोलावू नका. पण चार गोड पदार्थ, डीजे, ड्रोन हे सगळं ठरल्यानंतर नेमकं बायकांकडच्या फोटोपाशी काटकसर सुचते, ती काटकसर मला मान्य नाही. ड्रोन मांडवाचं छत दाखवतो. छताखालच्या बायका त्यात दिसत नाहीत.

तिसरा आक्षेप, “मोबाइल आहेत ना सगळ्यांकडे.” आहेत, आणि खरा धोका तिथेच आहे. बायकांच्या हॉलमध्ये वीस मोबाइल चालू असतात. कुणाचा फोटो कुणाच्या स्टेटसवर गेला, तिथून कुठे गेला, कळत नाही. फोटोसाठी नेमलेली एकच बाई असेल तर तिच्याशी बोलून ठरवता येतं आणि इतरांना मोबाइल पर्समध्ये ठेवायला सांगता येतं. आम्ही तसंच केलं. बायकांकडचे फोटो ती कुठेही जाहिरातीसाठी वापरणार नाही, ते फोटो तीच निवडेल आणि सुधारेल, वेगळ्या ड्राइव्हवर घरातल्या बाईच्याच हातात देईल, असं कागदावर लिहून घेतलं. अल्बमही दोन केले. एक बैठकीत ठेवायचा, एक आतल्या कपाटात. हे लिहून घ्यायला विसरू नका. बाई फोटोग्राफर आणली आणि फोटो शेवटी दुकानातल्या चार पोरांनी संगणकावर बघितले, तर मग काय उपयोग?

अजून दोन छोट्या सूचना. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच जुळवून घ्यायला सांगा. नाहीतर फोटो वेळेप्रमाणे लावताना खुतब्याच्या आधीच रुखसती येते. आणि दोघांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांची यादी द्या. नवरा-नवरीचे फोटो कुणीही काढतं. नानी, दादी, फुफू कोण, हे बाहेरच्याला कसं कळणार?

जिल्ह्याच्या गावात बाई फोटोग्राफर मिळत नाही, ही अडचण खरी आहे. आम्हालाही तिला शोधायला दोन महिने लागले. पण मागणी नसेल तर त्या येणार कुठून? लग्नात दुसरी फोटोग्राफर म्हणून काम करणं ही या धंद्यातली उमेदवारीच असते. मुख्य जबाबदारी दुसऱ्याची, त्यामुळे शिकायला वाव मिळतो. आमच्याकडे आलेली मुलगी मुस्लिमच होती. बी.कॉम. करत होती, भावाच्या कॅमेऱ्यावर शिकलेली. त्या लग्नानंतर तिला आमच्याच पाहुण्यांमधून दोन कामं मिळाली. आपल्या मुलींनी घराबाहेर पडून कमवावं असं आपण म्हणतो. हे एक असं काम आहे, जिथे तिचं बाई असणंच तिच्या उपयोगी पडतं.

धाकट्या भाचीच्या निकाहलाही मी गवाह होतो. या वेळी जिना चढलो तर कोपऱ्यात ती मुलगी कॅमेरा घेऊन तयार होती. अम्मी तेव्हा नव्हत्या, त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. वकिलांनी विचारलं, भाचीने “कबूल है” म्हटलं आणि पेन मागितलं. वकिलांच्या खिशात ते सापडेना, म्हणून मी माझं दिलं. तोच फोटो निघालाय. तिचा मेंदीचा हात, निकाहनाम्याचा कागद, मागे आपा दोन्ही हातांनी डोळे पुसतेय आणि कडेला माझा पुढे आलेला हात.

थोरलीने तो फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “मेरेकू ऐसा एक होना था, मामू.”

तिला आता तो मिळणार नाही. तुमच्या घरातल्या मुलीला मिळू शकतो. लग्नाची तारीख धरायला फोटोग्राफरकडे जाल तेव्हा दर विचारायच्या आधी एवढं विचारा, “बायकांकडे कोण असेल?”