चुलीपर्यंत पोचलेला इतिहास

हैदराबादच्या मराठी माणसांचा इतिहास सांगायला बसले की आपण केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक या पुढाऱ्यांपासून सुरुवात करतो. मग विवेक वर्धिनी शाळा, 1922 सालचे मराठी ग्रंथ संग्रहालय, सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तिथे बहुतेकांची लेखणी थांबते. यातले काहीही वगळण्याजोगे नाही. पण त्या सगळ्या वर्षांत काचीगुडा, गौळीगुडा, सुलतान बाजार, शालीबंडा इथल्या घरांत रोज पाणी भरले जात होते, धान्य निवडले जात होते, दोन वेळचा स्वयंपाक होत होता. या शहरात मराठी जितकी संस्थांनी टिकवली तितकीच या कामानेही टिकवली, आणि ते काम कोणत्याही स्मरणिकेत सापडत नाही.

पाण्यापासूनच सुरुवात करू. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हजारो माणसे गेली, नदीकाठच्या वस्त्या धुऊन निघाल्या. त्यानंतर निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांच्या सल्ल्याने आखलेल्या योजनेतून 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर उभा राहिला. ही तळी पूर अडवण्यासाठी बांधली असली तरी त्यांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. गंडीपेटच्या, म्हणजे उस्मानसागरच्या, पाण्याचा अभिमान इथला जुना माणूस आजही बाळगतो. नळ आल्यावर घराघरातल्या बायकांचे आडावरचे शेंदणे कमी झाले, पहाटेचा वेळ हाताशी आला. धरणाच्या इतिहासात खर्च आणि दगडी भिंतीची उंची लिहिलेली असते. वाचलेल्या या वेळाचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आणि तो वेळही पुरता सुटला नाही, कारण आजही अनेक वस्त्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येते आणि त्या वेळेला कुणाला तरी घरी थांबावेच लागते.

बाजाराचे गणित तर याहून अवघड होते. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, त्याला लोक हाली म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मुंबईहून मुलाने पाठवलेल्या शंभर रुपयांचे इथे एकशे सोळाच्या वर होत. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या हद्दीत आणि सिकंदराबादच्या छावणीत कलदार चाले, आणि चार गल्ल्या ओलांडल्या की हाली. 1933 मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत आला आणि त्याचा सुलतान बाजार झाला. पन्नाशीच्या दशकात हाली व्यवहारातून गेला, 1957 मध्ये नवे पैसे आले आणि पाठोपाठ शेर-पायलीच्या जागी किलो. 1920 च्या आसपास जन्मलेल्या बाईने एका आयुष्यात हे सारे हिशेब शिकून घेतले. तिच्यासारख्या कितीजणी शाळेत गेल्या होत्या, हा प्रश्न या कौशल्याची किंमत करताना मनात ठेवायला हवा. बेगमबाजारात घाऊक दराने वर्षाची डाळ भरणारी, मोझमजाही मार्केटात दख्खनीत घासाघीस करणारी आणि घरी येऊन मोडीत वही लिहिणारी बाई निरक्षर ठरवून आपण किती सहज पुढे जातो!

आता धान्य. सिकंदराबाद-मनमाड ही मीटरगेज लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाली आणि मराठवाडा राजधानीला जोडला गेला. नोकरीसाठी, शिक्षणासाठी आलेली कुटुंबे याच गाडीने आली. त्यांच्यामागून परभणी, नांदेडकडची ज्वारी आणि तूर आली, येसर आणि शेवयाही आल्या. राज्यपुनर्रचनेनंतर पुष्कळ नोकरदार औरंगाबाद-मुंबईकडे गेले. जे राहिले ते एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांनी स्वयंपाकघराला कुंपण घातले नाही. वरणात चिंच आली, सणाच्या ताटात बगारा बैंगन आले, कैरीच्या लोणच्याशेजारी तेलुगू पद्धतीच्या आवकायची बरणी बसली. त्यासाठी आजही उन्हाळ्यात कैऱ्या बाजारातच फोडून घेतात. अंबाडी तर दोन्हीकडची होतीच. पुरणपोळी, थालीपीठ, भाकरी यांतले काही सुटले नाही. अस्मिता टिकवायची तर दारे लावून घ्यावी लागतात, असे मानणाऱ्यांनी ही उदाहरणे पाहावीत.

भाकरीला धक्का बसला तो वेगळ्याच दिशेने. 1983 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. गरिबाच्या घरात भात आला, ही मोठी गोष्ट होती, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या योजनेने आणि विहिरी-बोअरच्या पाण्यावर वाढलेल्या भातशेतीने तेलंगणातल्या कोरडवाहू भागातही ज्वारी मागे रेटली. जी गरिबाची होती ती ज्वारी पुढे तांदळापेक्षा महाग झाली. आज संध्याकाळी हैदराबादच्या रस्त्यांवर बायका चुली मांडून ज्वारीच्या रोट्या थापतात, आणि मधुमेहाने सावध झालेली मध्यमवर्गीय कुटुंबे त्या विकत नेतात. मियापूर-कोंडापूरच्या मराठी घरांतही त्या पोचतात. घरातल्या बाईचे कष्ट कमी झाले हे चांगलेच. ते नाहीसे मात्र झालेले नाहीत. रस्त्याकडेच्या धुरात बसलेल्या दुसऱ्या बाईकडे ते गेले आहेत, आणि घरपोच किराणा आणणाऱ्या पोराकडेही.

अशा घरकामाची नोंद कशी होऊ शकते, हे पाहायला कोरियाचे उदाहरण उपयोगी पडेल. हिवाळ्याआधी घरातल्या आणि शेजारच्या बायका, आता पुरुषही, एकत्र बसून हिवाळाभर पुरेल इतके किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्या, घालतात, त्याला किमजांग म्हणतात. दक्षिण कोरियाने ही प्रथा नोंदवली, अभ्यासली, आणि 2013 मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड घालताना चार घरच्या बायका एकत्र येत. हेही ज्ञान आणि शेजारधर्म यांवरच उभे होते. आपण त्याला वाळवण म्हणून सोडून दिले. युनेस्कोचा शिक्का हवा असे माझे म्हणणे नाही. नोंद हवी.

केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला 289 मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष 88. ही वर्तमानाची मोजणी झाली. मागच्या शंभर वर्षांची मोजणी कुणीच करणार नाही. तिचे कागद मात्र अजून माळ्यावर असतील: किराण्याच्या वह्या, माहेरची पत्रे, लोणच्याची प्रमाणे लिहिलेल्या चिठ्ठ्या. ग्रंथ संग्रहालयाने आणि मराठी साहित्य परिषदेने पुस्तकांबरोबर हेही मागून घ्यावे. हालीचा बाजार केलेल्या बायका आता नव्वदीच्या घरात आहेत, म्हणून मुलाखती त्यांच्यापासून सुरू व्हाव्यात. पाणी कुठून यायचे, सरपण कोण फोडायचे, घरखर्चाचे पैसे कुणाच्या हाती असायचे, शेवटी कोण जेवायचे, हे त्यांना विचारावे. तेच प्रश्न त्या घरांतल्या पुरुषांनाही विचारावेत.