धूर विरतो, विष उरते

वसई पूर्वेतील गोखिवरे येथील कचराभूमीला लागणाऱ्या आगी वसई-नालासोपाऱ्यातील रहिवाशांना नव्या नाहीत. आग लागली की चर्चा होते ती डोळ्यांची जळजळ आणि दम्याची. धोका मात्र धूर ओसरल्यावरही संपत नाही. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक उघड्यावर जळाल्यास डायऑक्सिन तयार होते. ते माती व चाऱ्यावर बसून दूध, अंडी, मांस आणि मासळीवाटे माणसापर्यंत पोहोचते. चरबीत साठलेल्या या विषाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास ७ ते ११ वर्षे लागतात.

इटलीतील सेवेसो येथे १९७६ मध्ये रासायनिक कारखान्यातून डायऑक्सिन पसरल्यानंतर अनेक मुलांच्या त्वचेवर क्लोरॅक्नेचे फोड उठले. दीर्घकाळच्या संपर्काने रोगप्रतिकारशक्ती, संप्रेरके व प्रजननक्षमतेवर परिणाम होतो. गर्भातील बाळाला धोका अधिक. 'टीसीडीडी' हे सर्वाधिक विषारी डायऑक्सिन १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरले.

ते शरीरातून झटपट काढून टाकणारे खात्रीचे औषध नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना ५ ते २५ हजार रुपये दंड ठरवला. परंतु प्लास्टिक घरातच वेगळे झाले नाही आणि कचऱ्याचे डोंगर वाढतच राहिले, तर अग्निशमन दलाच्या पाण्याने केवळ ज्वाळा विझतील.